साडेपाच मीटर

आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो.
कधी रात्री दोनला, कधी येतच नाही.
अशा ठिकाणची दोन पोरं बुडून गेली
हे पाहुण्याला सांगताना
आधी त्याचा चेहरा बघावा लागतो.

कुंभारीच्या पुढं, माळावर, शेततळं.
आत काळं प्लास्टिक ताणलेलं,
शेवाळानं साबण झालेलं.
चेंडू गेला म्हणून अंबादास गेला,
अंबादास गेला म्हणून लक्ष्मीपती.
काठावर आम्ही सहा जणी,
कारखान्यात विड्या देऊन परतणाऱ्या.
ओरडलो.
ओरडायला आम्हाला चांगलं येतं.

लोक म्हणाले, तळ्यानं बळी घेतला.
म्हणाले, पोहणाराच बुडतो,
जसं काही न पोहणारा काठावर अमर होतो.
म्हणाले, पाण्यात पडलं की येतंच पोहायला.
अंबादास पाण्यातच पडला होता की ओ.

दहाव्यानंतर मल्लेशम चिप्पा आला,
चादरीच्या मागावर तीस वर्षं काढलेला.
सांत्वन वगैरे काही नाही.
विचारलं, अंगावर काय होतं तुमच्या?
साडी.
किती मीटर?
साडेपाच, मी म्हटलं,
आणि तिथंच खाली बसले.
मोजणं माझा धंदा आहे.
सहा जणी. तेहतीस मीटर.
तळं आडवं बारा.

बिराजदारांची विहीर मिळाली, शुक्रवारची.
मोटार बंद ठेवायची, ही अट आमची.
चपला बाहेर काढायच्या, ही त्यांची.
पहिला धडा पाण्याबाहेर:
साडी सोडायची.
पोरं बघतायत, सासरा बघतोय, ट्रॅक्टरवाला बघतोय,
तरी सोडायची, टोकाला गाठ मारायची,
पालथं पडायचं, फेकायचं.
आपण उतरायचं नाही.
हे शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला.
पोहणं त्यामानानं सोपं.

तेलाचा पाच लिटरचा डबा घ्यायचा,
आत दोन बोटं पाणी ठेवून झाकण घट्ट.
रिकामा वाऱ्यानं भरकटतो,
भरलेला डोकं फोडतो.

तरंगायला मला अठरा शुक्रवार लागले.
मी तर पाण्यात मुठी आवळूनच उतरायची.
मल्लेशम म्हणायचा, कान बुडू दे.
बुडू दिले एकदाचे.
आत माझाच श्वास,
धोटा जातो, धोटा येतो.
पंचवीस मोजले, एक कट्टा झाला.
वर विहिरीच्या तोंडाएवढं आभाळ
आणि त्यातून शहनाज विचारतेय,
मावशी, जिवंत आहेस ना?

आता सोळा तळ्यांवर दोर आहे,
कारखान्यातल्या टाकाऊ सुताचा, आम्हीच वळलेला,
लाल, हिरवा, मधेच मोराच्या पिसाऱ्याचा निळा.
एका मालकानं तो काढून म्हशीला बांधला.
आम्ही दुसरा वळला.
तोही बांधला.
तिसऱ्या वेळी त्याची सून आली शुक्रवारी,
काही न बोलता रांगेत उभी राहिली.

अंबादासची आई येते.
पाण्यात उतरत नाही.
वरच्या पायरीवर बसते, डबा फेकते.
सगळ्यांत सरळ तिचा जातो.
तिला कुणी शाबास म्हणत नाही,
आम्हाला तेवढं कळतं.

मे महिन्यात विहीर तळाला जाते.
खडक, चार बेडूक, पाईपचं उघडं तोंड.
तेव्हा आम्ही अंगणात
बाजेवर पालथ्या पडून पाय मारतो.
गल्ली हसते. हसू दे.
सुपात भिजवलेला पाला वाट बघतोय, बघू दे.
उंबऱ्यावरून ती डबा फेकते,
मी कोरड्यात तो छातीशी धरते,
दोर ताणला जातो, ती ओढते,
मी बाजेसकट हलते थोडी.

मग झाकण उघडून
आतलं दोन बोटं पाणी
ती कढीपत्त्याला घालते.
नळ परवा.